माग : नोंद दुसरी

वर पिवळी पट्टी : प्रायोगिक आहे, विसंबू नये.
तिच्याखाली चौकोन, चौकोनात उघडझाप करणारी रेघ.
दत्तनगरातली खोली, पत्र्यावर चव्वेचाळीस अंश,
आणि मी शब्द भरतेय.

मूळ शब्द. लिंग. कोणासारखा चालतो?
धोटा टाकला. म्हटलं, घोड्यासारखा.
लगेच पडदाभर
धोट्याला धोट्याने धोट्यात धोट्यांचे,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कांडी न बदलता.
सर्व्हर कुठल्या मुलखात आहे ठाऊक नाही,
पण तिथं आता कोणीतरी
धोट्यांमधून, असं म्हणू शकतं.

राजमणीअक्का सूप मांडीवर घेऊन समोर.
पान, जर्दा, गुंडाळी, दोरा. हात तिथं, नजर माझ्याकडे.
तिच्याकडून एक शब्द घेतला : छाट.
कारखान्यात नापास झालेल्या विड्या.
यंत्रानं विचारलं, वाटेसारखी की भिंतीसारखी?
छाटेला, की छाटीला?
अक्का म्हणाली, छाटीला कोण काय देतंय गं,
तिच्यापायी आपलेच पैसे कापतात.
पण चतुर्थीचं घर रिकामं सोडता येत नाही.
मी भिंत निवडली.

मूळ भाषा : एकच निवडा.
यादी खाली ओढत गेले.
तेलुगू होती, कन्नड होती, उर्दू होती,
अक्का एका वाक्यात तिन्ही वापरते
आणि शिवी मराठीत देते,
तसा पर्याय नव्हता.

मग माग.
पुल्लिंगी, दगडासारखा. माग, मागाला, मागावर.
हिरवा झाला, आत गेला.
मग दुसरा माग, जो काढायचा असतो,
चोराचा, ढोराचा, घर सोडून गेलेल्याचा.
लाल अक्षरं : ही नोंद आधीच आहे.
नाही, ही वेगळी आहे, मी मोठ्यानं म्हणाले.
रूपं तीच, प्रत्यय तेच, काना-मात्रा तीच.
फरक फक्त अर्थात,
आणि अर्थाच्या रकान्यापुढं कंसात लिहिलेलं : ऐच्छिक.
शेवटी शब्दाला आकडा चिकटवला, माग२.
ते चाललं.
माग२ला, माग२ने, माग२वर,
एकही चूक न करता.

शेवटची ओळ संबोधनाची.
नियम काय, सगळ्यांनाच हाक मारतो.
धोट्यांनो. विड्यांनो. मागांनो.
बरोबर की चूक, खूण करायची.
विड्यांनो ऐकून अक्का इतकी हसली
की सुपातला जर्दा उडाला.
छाट, छाट, ती म्हणाली, टाक छाटीत.

दारात मल्लेशममामा इराबत्ती,
जन्मभर जॉबर, आता एकाच कानाचे.
विचारलं, मामा, मागांनो असं कोणी म्हणतं का?
काय?
मागांनो!
गल्लीतलं पोर थांबून बघायला लागलं.

मामा उंबऱ्यावर टेकले.
चोवीस होते, म्हणाले.
भंगारवाल्यानं किलोवर घेतले. दोन टेम्पो लागले.
मला म्हणाला, तुम्ही आत जाऊन बसा,
मी गेलो नाही.
पुढं काहीच बोलले नाहीत.
अक्कानं दोरा दातानं तोडला.

मी बाण त्या चौकोनावर नेला, परत आणला.
व्याकरणात हे चालतं का, मला माहीत आहे.
ते मी विचारत नव्हते.

मामा म्हणाले, ठेव.

तेवढ्यात पाचव्या दिवसाचं पाणी आलं,
गल्लीभर घागरी आपटल्या,
मीही धावले, दोन पिंप आणि एक बादली,
ओल्या हातानं परतले तर
सत्र संपलेलं,
चौकोन पुन्हा कोरा.

मामा अजून उंबऱ्यावरच.
कुठवर आलं गं, त्यांनी विचारलं.
मूळ शब्दापाशी, मी म्हणाले,
आणि हात पुसून
पहिल्या मागापासून भरायला बसले.