डावा हात

विलायती अंकातलं चित्र
मोरशेटनं माझ्यापुढं टाकलं.
तीन उंच टोप्या, एक गळकं भांडं,
भांड्यावर लिहिलंय 'सुधारणा'
(मास्तर म्हणाले. मला कुठं इंग्रजी!)

एक साहेब भोक बुजवतोय, दुसरा नवं पाडतोय.
हातोडा धरलाय बोरूसारखा.
तांबट आळीत असा धरला असता
तर जेवायला मिळालं नसतं.

"आपल्या म्युनिसिपालटीचं काढ असंच."
काढलं. टोप्यांच्या पगड्या झाल्या,
भांड्याचं घंगाळ, मागं गोदेचा घाट,
आणि पार कडेला, हातोडा घेऊन, आमचे तात्या.
घरपट्टी बारा आण्यांनी कमी, म्हणून मत नाही.

छापायच्या दगडावर सगळं उलटं काढायचं असतं.
अक्षरं काढली उलटी.
माणसं विसरलो.
अंक निघाला तेव्हा झाडून सगळे मातब्बर
डाव्या हातानं
घंगाळात मतं टाकत होते.

दहीपुलावर माणसं पोट धरून हसली.
"काय नेमकं हाणलंस रे!"
मी गप्प.

रात्री तात्यांनी अंक कंदिलाजवळ नेला.
जन्माचे डावखुरे;
चित्रात हातोडा उजव्या हातात.
बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले,
"चला. एवढी तरी सुधारणा झाली."