अर्धं पोतं

पंचावन्न पौंड म्हणजे पंचवीस किलो,
मॅडमनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं.
अर्धं पोतं.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
बावीस वर्षं पूर्ण पोती वाहतोय,
गाडीवरून गाळ्यात, गाळ्यातून गाडीवर,
आणि हे तर बांबूचं एक धनुष्य,
सुतळीएवढी दोरी.

ओढलं.
दोरी हनुवटीपासून वीतभर लांब थांबली
आणि हात थरथरला, तापातल्या पोरासारखा.

मढवी मॅडम साठीच्या,
महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या,
मनगट माझ्या दोन बोटांत मावेल.
त्यांनी तेच धनुष्य घेतलं
आणि दार उघडावं तसं उघडलं.

मग मला नातवाचं दिलं. वीस पौंडाचं,
मुठीवर वाघाचं स्टिकर.

घणसोलीला खाडीकडे सिडकोचा मोकळा प्लॉट,
वर हायटेन्शनच्या तारा, दमट सकाळी गुणगुणणाऱ्या,
समोर पेंढ्याच्या गासड्या, त्यांवर
बटाट्याच्या गोणीचा तुकडा, तो मी आणलेला.
महिनाभर त्यावर बाण मारला नाही.
नुसतं ओढायचं, धरायचं, परत आणायचं.
रिकामी दोरी सोडायची नाही, धनुष्य तडकतं.
"खांदा खाली, सर्जेराव."
"खालीच आहे, मॅडम."
"कानाला लागलाय तुमच्या."

खांद्याला एकच गोष्ट शिकवली होती मी:
पोतं येताना दिसलं की उठायचं, पुढे होऊन घ्यायचं.
आता कुठलंही वजन म्हटलं
की तो आपला उठतो, घट्टा पडलेला,
इमानी.

"हातानं ओढताय," मॅडम म्हणाल्या.
"मग कशानं ओढू?"
त्यांनी माझ्या कमरेच्या आकड्याकडे बोट दाखवलं.
"हा पोतं उचलतो का?
हा फक्त अडकतो. उचलणारा मागे असतो.
तुमची बोटं म्हणजे आकडा.
मागे कोण आहे ते बघा."

मागे पाठ होती.
तिच्यावरून काय काय गेलं होतं,
मी तिला कधी बघितलं नव्हतं.

कोपरखैरण्याला खोलीत खिडकीच्या गजाला
सायकलची ट्यूब बांधली.
दिवाळी गेली, संक्रांत गेली.
रात्री वीस वेळा, मग तीस. इंदू मोजायची,
मधे भाकरी उलटायची, आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून.
एकदा तिनं पिठाचा हात माझ्या पाठीवर ठेवला,
दोन्ही फऱ्यांच्या मधे,
आणि म्हणाली, "इथं काहीतरी मिटतंय."
बामाशिवाय त्या जागी तिचा हात
कधी आला होता, आठवेना.

ओझं मला ठाऊक होतं.
ओढ हा शब्द मी फक्त गावासाठी वापरायचो.

तीस पौंड. मग चाळीस. चाळिसावर दीड महिना अडलो,
डावा कोपर दुखला, मॅडमनी आठवडाभर
धनुष्याला हात लावू दिला नाही, नुसतं उभं केलं:
पाय कुठे, कंबर कुठे, मान कुठे.
खाडीवर रोहित उतरले होते.
तेही तसेच उभे, पण एका पायावर.

होळीच्या आदल्या सकाळी पंचावन्न दिलं.
बाण लावला. खांद्याला मनात म्हटलं, बस बाबा,
पोतं नाही येत.
बसला.
पाठ मिटत गेली, धनुष्य उघडत गेलं,
दोरी ओठाच्या कोपऱ्याला लागली, थंड,
मेणाचा वास आला.
वर तारा गुणगुणत होत्या.
गोणीवर बटाट्याचं अर्धं चित्र, मला स्वच्छ दिसत होतं.

"आता परत आणा," मॅडम म्हणाल्या.

सोडलं असतं तर सुटलो असतो.
परत आणताना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला लासलगावची गाडी लागली.
वरच्यानं पोतं सरकवलं
आणि उजवा खांदा उठला, आपण होऊन,
कानापर्यंत.
मी त्याला काही बोललो नाही.