कानात घालायचं तेल

लीड्समधल्या पहिल्या डिसेंबरात
मला तेल मिळेना.
बरोबर आणलेलं खोबरेल बाटलीत गोठून बसलं,
उलटी धरली तरी हलेना.
औषधवाला म्हणाला, ऑलिव्ह ऑइल आहे,
बोटाएवढी बाटली. कान दुखतो का?
हो म्हटलं.
झिराडच्या घाण्यावर जन्मलेली मी,
शुक्रवारच्या पेल्यात पाण्यावर ओतायला
कानाचं तेल घेऊन घरी आले.

गावात आम्ही शनवार तेली.
शनवारी बैल सुटा, घाणा मुका,
बाकी आम्ही कोण, हे कुणी विचारलं नाही.
इथे सगळेच विचारायचे.

कोटांच्या कारखान्यात काजं करायला बसले
झेलिक पोमेरान्सच्या शेजारी.
सहा वर्षांचा होता तेव्हा आईचा हात धरून हलच्या धक्क्यावर उतरलेला.
आईजवळ इंग्रजीचे शब्द तीनच,
लीड्स, लेलँड्स, शिंपी,
आणि त्या तिनांवर, म्हणाला, आमचं पन्नास वर्षं निभलं.
एका खोलीत नऊ माणसं, दोन मशिनं,
आणि एक इस्त्री, तिच्यावर हात शेकायचे
आणि बटाटेही.

माझ्याकडे बघून म्हणाला,
ज्यू? साडीत?
मग दोरा ओवता ओवता
प्रार्थनेची एक ओळ पुटपुटला.
मी पुढची म्हटली.
त्याला माझ्या उच्चारांचं हसू आलं, मला त्याच्या.
तो म्हणे शब्बोस, मी शब्बाथ.
मी देवळाला मशीद म्हणाले
तेव्हा तर त्याच्या हातून सुईच पडली.

डिसेंबरात इथे साडेतीनलाच दिवेलागण.
आम्ही दोघं उठायचो,
हार्डकासल मुकाट्यानं दोन तासांचे पैसे कापायचा.
जूनमध्ये उलटं. जेवणं झाली, भांडी झाली,
तरी खिडकीत ऊन, आणि शुक्रवार संपतच नाही.
अलिबागेला असताना
सूर्य इतका लहरी असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

हनोखशी माझं ठरलं तेव्हा
तिघा जणांनी मला खुर्चीवर बसवलं.
आई कोण? तिची आई? तिचीही?
रेवदंड्याहून पत्र मागवलं,
खाली मुकादमाची मोडीत सही.
त्यांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं,
उजेडाकडे नेऊन पाहिलं,
नोट खरी की खोटी बघतात तसं.

झेलिक आला होता, टोपीवर कापसाची कुसं.
म्हणाला, मला ते वाचता येत नाही, तुम्हालाही नाही.
मी फक्त बघतो, शुक्रवारी सुई आधी कोण खाली ठेवतं.
ही ठेवते.
माझा मुलगा ठेवत नाही,
त्याला कुणी कागद मागितला नाही.

त्यांनी लिहिलं, विचाराधीन.
ते दोन वर्षं विचाराधीनच राहिलं.
तिसऱ्या वर्षी लग्न झालं. नारळ मीच फोडला,
मालिद्याचे पोहे लंडनहून टपालानं आले, निम्मे सांडून.
झेलिकनं बशीभर खाल्ले
आणि विचारलं, यात साखर घातली कुणी,
आणि का?

मे महिन्यात तो गेला.
लेलँड्स त्याच्या आधीच गेलं होतं,
तिथून आता मोटारी जातात,
त्याची एक खोली नेमकी कुठल्या पट्ट्याखाली
ते त्यालाही शेवटी सांगता यायचं नाही.

जूनमध्ये त्याचा मुलगा आला, शनवारी सकाळी,
गाडीतून.
काजाची कात्री पुढे केली. म्हणाला, तुमच्यासाठी ठेवली होती त्यांनी.
मी हात पुढे केला नाही.
मेजावर ठेवा, म्हटलं.
त्याला राग आला की आठवण आली, कळलं नाही.
चहा न घेता गेला.

कात्री तिथेच पडून राहिली,
रात्री दहापर्यंत उजेड होता.
तीन चांदण्या दिसल्यावर उचलली.
बिजागरीत काळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकलेला,
कुणाच्या कोटाचा कोण जाणे.
कात्री अडखळते त्यानं.
मी काढलेला नाही.