फलकावर चाळीस शब्द

पंचायतीचा ठराव झाला: मानशीपाशी फलक हवा,
गावाचा इतिहास, चाळीस शब्दांत.
रंगारी इनास अक्षरामागे पैसे घेतो,
जोडाक्षराला दीडपट,
म्हणून सरपंचबाई म्हणाल्या,
"मास्तर, जोडाक्षरं जरा जपून."

वही घेऊन बांधावर बसलो.
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कोरगुट भात,
मधे बूड टेकण्याएवढी चिखलाची भिंत.
खरं तर एवढंच आहे. पण एवढंच लिहिलं
तर पणजीहून आलेला पाहुणा विचारील:
मग बघायचं काय?

बघायचं हे, की हे दार कुणी उघडत नाही.
भरती येते, फळ्यांना छातीने रेटते, दार लागतं.
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं,
दार उघडतं.
मट्टीच्या लाकडाची झडप, कालवांनी खरबरीत,
समुद्राला रोज दोनदा नाही म्हणते.
(यातच तीस शब्द गेले. खोडले.)

तळीच्या काठावर वीरगळ आहे, आडवी.
कोण पडला, कुणासाठी, विचारू नका.
रुझारीनच्या सासूच्या सासूपासून
तिच्यावर चादरी आपटतात.
घोड्याचे पाय शिल्लक आहेत, तोंड साबणाने नेलं.
"असेल शूर," रुझारीन म्हणते,
"पण पाठ किती सपाट बिचाऱ्याची."

कोमुनिदादीच्या जुन्या वहीत शेताच्या चतुःसीमा:
पूर्वेस चिंच, पश्चिमेस ओहोळ,
उत्तरेस वेताळ,
दक्षिणेस कुणा पांडूची विधवा.
चिंच रस्ता रुंद करताना गेली.
ओहोळ आता पाइपातून जातो, आवाज न करता.
वेताळ आहे, तेल पिऊन काळा, कुठेच न हललेला.
आणि ती बाई?
तिच्या पलीकडे कुणाची जमीन होती
हे अजून कोर्टात चालू आहे.

बांध फुटला ती रात्र मात्र लिहायलाच हवी.
इगर्जीची घंटा आणि देवळातला ढोल
एकाच वेळी वाजले, आणि कोण कशाचा भक्त
हे चिखलात कळेना.
लोकांनी पेंढा आणला, माड आणले,
पास्कोलने स्वतःच्या घराचं दार
बिजागऱ्यांसकट उचकटून आणलं
आणि भगदाडात उभं केलं.
पुढची तीन वर्षं जमीन खारट.
वाफ्यांत भाताऐवजी शेवटे पोहत होते,
आणि पास्कोलच्या उंबऱ्यावर गोणपाट.
नवं दार का बसवलं नाहीस, विचारलं
तर म्हणे, आहे की माझं दार, तिथे, पाण्याखाली.

संध्याकाळी मोजले: सदतीस.
गावाचं नाव, बांध, मानस, भात, वीरगळ,
एक "अंदाजे", एक "असे म्हणतात".
तीन शब्द उरले.

ते तीन मी बुधोसाठी ठेवले.
एकतीस वर्षं तो रात्रीच्या भरतीला
कंदील घेऊन मानशीवर जायचा.
फळीत लाकूड अडकलं तर कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा,
झडपेच्या फटीत हात घालून
खेकड्यांना शिव्या द्यायचा.
वहीत त्याची नोंद अशी:
"राखणदार, एक. पगार, दोन कुडव भात."
एक.

मी इनासला चिठ्ठी दिली: राखण बुधो गावडो.
ब्रश टरपेनटाइनमध्ये बुडवत तो म्हणाला,
"बुधो हें नांव न्हय, मास्तर.
बुधवारा जल्मलो म्हूण बुधो."
मग खरं नाव?

त्याची नात बाजारात तिसऱ्यो विकते.
टोपलीवर पाणी शिंपडत थोडा वेळ थांबली.
"आजोच म्हण्टालीं आमी," ती म्हणाली,
आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

फलक लागला आहे. चांगला दिसतो.
सरपंचबाईंनी नारळ फोडला, फोटो निघाले.
खाली उजव्या कोपऱ्यात
तीन शब्दांची जागा कोरी आहे.
इनासने तिचे पैसे घेतले नाहीत.
लोकांना वाटतं, रंग संपला.