झाकण

आमच्या घरात कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा,
लग्नात आलेला, घासून घासून झाकणावरची फुलं गेलेला.
तो नव्हे रे हेमकांत, लॉर्नाबाई म्हणाल्या, यात शिजवायचं असतं,
आणि कन्नमवार नगर सोडून वसईला लेकाकडे जाताना
आमच्या दारात ठेवून गेल्या
विजेवर चालणारं एक जाड मातीचं भांडं,
कडेला टवका उडालेलं,
सोबत बाटली मसाल्याची अर्धी बाटली
आणि लाइटच्या जुन्या बिलामागे लिहिलेली कृती.
शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ:
झाकण उघडून बघायचं नाही.

सकाळी साडेदहा.
सुनेत्रा वॉर्डवर, शाल्मली क्लासला,
अण्णा शब्दकोड्यात.
कोंबडी तोडताना रफीकने विचारलं होतं, आज सुट्टी?
घरून काम, मी म्हणालो.
हे वाक्य हल्ली कुठेही मिळतं मला,
भाजीवर मिळणाऱ्या कढीपत्त्यासारखं, न मागता.

तंगड्या तळाशी. वर बटाटे, सालासकट,
गाजरं, अख्खे छोटे कांदे.
लसूण मोजला नाही.
मसाला दोन चमचे, तिसरा हातून पडला.
पाणी नाममात्र, कारण बाईंनी लिहिलंय
की कोंबडी आपलं पाणी आपणच सोडते.
बटणावर तीन शब्द: लो, हाय, वॉर्म.
लो.
आठ तास.

शेजारी लॅपटॉप, उघडा, दिसण्यापुरता.
एकवीस वर्षं मी मालाच्या गाड्या कुठे पोचल्या ते बघत होतो,
भिवंडी, धुळे, इंदूर,
उशीर झाला की पहिला फोन मला.
आता एका भांड्याला मी मुद्दाम उशीर लावतोय
आणि कुणाचाच फोन नाही.

बारापर्यंत काही नाही. काचेवर नुसतं धुकं.
दीडला अण्णांना वरणभात वाढला.
नाक वर करून म्हणाले, कुणाकडे शिजतंय हे?
असेल कुणाकडे, मी म्हणालो.
तीनला वास जिन्यात उतरला.
चारला चिटणीस वहिनी आल्या मिक्सरचं भांडं परत करायला
आणि उगाच पाच मिनिटं उभ्या राहिल्या.
पाचला मी झाकणावर हात ठेवला.
उघडलं नाही. तळवा शेकला तेवढा.
दिवसभरातलं माझं काम ते एवढं,
घरून केलेलं.

नऊला सुनेत्रा आली, आणि चपला न काढताच
दारात उभी राहून तिने एक श्वास घेतला.
मांस हाडावरून सुटत होतं
चमच्याने नुसतं विचारलं तरी.
बेकरीतले कडक पाव होते.
अण्णांनी कवळी काढून वाटीत ठेवली
आणि बिनदातांचे जेवले,
बटाटा, गाजर, तंगडीसुद्धा,
कित्येक महिन्यांनी हाड चोखलं.
मग ताटाकडेच बघत म्हणाले,
कोंबडीपाशी आठ तास बसायला मिळतात
तेव्हा माणसाची नोकरी गेलेली असते.

शाल्मलीचा पाव रश्श्यातच राहिला.
सुनेत्रा माझ्याकडे बघत होती, मी टवक्याकडे.
गणपतीपासून माहितीय मला, अण्णा म्हणाले.
तू पत्ते खेळतोस त्याच्यावर.
मागच्या कपाटाच्या आरशात दिसतं.
काळ्यावर लाल लावायचं असतं, तेही चुकतोस.

माझी फी? शाल्मलीने विचारलं, अगदी हळू.
भरलीय, सुनेत्रा म्हणाली. जेव.

अण्णांनी ताट पुढे सरकवलं. आहे का अजून?
होतं. तळाशी लसूण असा विरघळलेला
की कुठे संपला ते कळू नये.
वाढून मी बटण फिरवलं, वॉर्म,
आणि कितीतरी वेळ ते तसंच चालू राहिलं,
कुणी बंद करायला उठलं नाही.

रात्री भांडं घासून लॉर्नाबाईंना फोन केला.
चांगलं झालं? झाकण नाही ना उघडलंस मधे?
मी नाही, म्हटलं.
अण्णांनी उघडलं.