एक किलोमीटर

कंपासचं टोक मुकादमांच्या शेडवर टेकवलं
आणि फिरवलं.
आत आल्या चार वाड्या, एक शाळा, अर्धी खाडी.
खाडीतल्या बगळ्यांना कुणी काही कळवलं नाही.

शेडमध्ये साडेपाच हजार.
पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं.
अल्ताफभाईंचं छप्पर, विजेचं बिल
आणि कालपासून हे मरण.
कंपनीचा सुपरवायझर फोन उचलत नाही.

खड्डा हवा दोन मीटर.
सड्यावर हातभर मातीखाली जांभा लागतो.
जेसीबीचे दात कातळावर करकरतात.
शिदू म्हणतो, याच बकेटीने
परवा कलमांचे खड्डे मारले.
मग तोंडावरचा टॉवेल आवळतो.
चुन्याची पोती माझ्या सहीने उतरतात.

दुपारी वाड्यांतून.
फॉर्मला रकाने : ब्रॉयलर, लेयर, बदक, इतर.
रुजाय फर्नांडिसने खुराड्यातून एकेक काढून दिली,
प्रत्येकीला नावाने हाक मारून.
मी लिहिलं : इतर, सहा.
सातवी खुडूक होती, अंड्यांवरून उठेना.
ती अंडीही मोजायची असतात.

शेवंतीकाकीच्या अंगणात
तांबड्या तुऱ्याचा, पायात लाल चिंधी बांधलेला.
"ह्यो राखणेचो आसा. तुमच्या वहीत घालू नकात."
मी किटच्या आत घामाने आंधळा.
म्हटलं, नव्वद रुपये मिळतील.
"कोणाक? राखणदाराक?"
आणि तिनेच तो धरला, पंखांवरून हात फिरवत,
माझ्या हातमोज्यांत दिला.
चिंधी तेवढी सोडून घेतली.

पुढचे महिने कुणी वर्तुळात मोजत नाही.
शाळेतलं अंडं बंद झालं, ते बंदच.
खानावळींनी पाट्यांवरची कोंबडी खरवडली,
वडे राहिले, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर.
बंदरावर बांगडासुद्धा भाव खाऊ लागला.
घाटावर कुणाचा तरी मका पडून राहिला म्हणे.
अल्ताफभाईंच्या शेडमध्ये आता
लोकांच्या होड्या उपड्या ठेवतात, भाड्याने.
पहाटे वाडीला जाग येते ती मोबाइलने,
प्रत्येक घरी वेगळ्या वेळी.

राखणेच्या दिवशी मी मुद्दाम त्या वाटेने गेलो.
वडाखाली नारळ फोडलेला,
शेजारी लाल चिंधी,
आणि दगडाखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून
चौघडी घालून ठेवलेली
माझ्या सहीची पावती.
प्रकार : इतर.
नग : एक.