कलम एक पॉइंट सत्तावीस

चिद्रवार वकिलांच्या हापिसात, वजिराबादेत,
मी इंग्रजीचं मराठी करते.
पानाला ऐंशी रुपये.
या आठवड्यात आलंय कर्जाचं करारपत्र:
घेणार, गोदाकाठ कबड्डी प्रायव्हेट लिमिटेड, नांदेड.
देणार, हैदराबादची एक बँक.
तारण म्हणून मॅट, दिवे, एक बस,
छातीवरच्या जाहिराती
आणि अजून न विकलेली तिकिटं.

डायरेक्टर चौघं. दोघांना इंग्रजी येतं,
तिसऱ्याला येतं असं तो म्हणतो.
चौथ्या अन्नपूर्णाबाई मुत्तेपवार म्हणाल्या,
मराठीत आणा, मग सहीचं बघू.

पान नऊ.
‘कामगार वाद’ म्हणजे कोणताही संप, टाळेबंदी, संथकाम,
अथवा खेळाडूंनी एकत्रितपणे खेळण्यास दिलेला नकार,
प्रत्यक्ष किंवा धमकीच्या स्वरूपातील,
ज्यामुळे सलग तीन सामने होणार नाहीत.

तीन.
दोन झाले नाहीत तर तो वाद नाही,
नुसतं रुसणं.

‘धमकीच्या स्वरूपातील’पाशी मी दुपारभर अडकले.
मुळात तिथं एकच शब्द आहे, सुटसुटीत.
मराठीत तो तीन माणसं मागतो:
धमकी देणारा, ऐकणारा,
आणि बँकेत जाऊन सांगणारा.

मागं वळून पान चार काढलं.
तिथं हीच पोरं ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होती,
पगार नाही, मानधन,
फंड नाही, रजा नाही, गुडघ्याचा खर्च ज्याचा त्याचा.
पान नऊवर ती कामगार झाली,
संपापुरती.

आमचे वडील गिरणीत जॉबर होते.
तिथं व्याख्या नव्हती, कुलूप होतं.
आई संप म्हणायची, मालक टाळेबंदी म्हणायचे,
तारीख एकच.

संध्याकाळी सराव बघायला गेले,
शब्द नीट कळावेत म्हणून.
उत्तरेश्वर चढाईला निघाला, वाशी तालुक्यातला,
पोटऱ्या दगडासारख्या,
कबड्डी कबड्डी कबड्डी.
दोन महिन्यांचं मानधन थकलंय, हे मला ठाऊक होतं,
त्यालाही, समोर साखळी धरून उभ्या सातांनाही,
बाकावर शिट्टी चघळणाऱ्या कोचलाही.
पण चढाईत दुसरा शब्द उच्चारता येत नाही.
विचारायला तोंड उघडलं की दम तुटतो,
दम तुटला की बाद.

शेवटी मॅट गोळा करताना शेख इलाहीनं हटकलं,
एकशे तीस तुकडे, रोज जोडायचे, रोज सोडवायचे.
‘बाई, मेरा नाव हय क्या उसमें?’
मी म्हटलं, बघते.
पाहिलं. नव्हतं. तो वाघाळ्याच्या एजन्सीचा.
तो आला नाही तर सामना होत नाही,
पण तो वाद ठरत नाही.
त्याचं कलम वेगळं, पान अकरा, ‘इतर व्यत्यय’:
महापूर, वीजपुरवठा, साथीचे रोग, टोळधाड
‘व यांसारखे’.
यांसारखे म्हणजे इलाही.

बुधवारी वाचन झालं.
अन्नपूर्णाबाई एकेक ओळ बोटाखाली धरून गेल्या
आणि पान नऊवर बोट थांबलं.
‘आम्ही पैसे दिले नाहीत म्हणून पोरं बसली,
तर वाद त्यांचा का आमचा?’
चिद्रवारांनी चष्मा पुसला.
‘बाई, व्याख्येत कारण येत नसतं.’
तिसरा डायरेक्टर हसला, त्याला येत होतं ते इंग्रजीत.
बाईंनी फुलपात्रातलं पाणी संपवलं,
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
परत काढलं.

पावणेपाचला सह्या झाल्या. पेढे कंधारचे.
एक पेढा रुमालात बांधून मी मैदानावर नेला,
पण इलाही त्या दिवशी आलाच नव्हता,
आणि मॅट अंथरलेली नव्हती.
पोरं मातीतच खेळत होती.

माझं बिल झालं सत्तेचाळीस पानांचं.
नववं पान दोन दिवस खाऊन गेलं,
त्याचेही ऐंशीच.
वकील म्हणाले, बँकेचे पैसे येऊ द्या,
पुढच्या महिन्यात बघू.
दम धरा जरा.

धरलाय.